मेइश्यानच्या पेल्याचं पाणी

आमच्या शेजारच्या दारात राहणाऱ्या लोउ जिनबाओंनी उभी हयात हांगचौ शहरात बस चालवली. स्टेशनपासून तळ्याच्या काठाकाठाने डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाणारी बस. स्टिअरिंगशेजारी त्यांची एक काचेची बरणी असायची, मुळात लोणच्याची, गंजलेल्या झाकणाची. सकाळी तिच्यात मूठभर चहा टाकायचा आणि दिवसभर ज्या थांब्यावर जे गरम पाणी मिळेल ते ओतत राहायचं. कुठे बॉयलरच्या गंजाचं, कुठे औषधाचा वास मारणारं. संध्याकाळपर्यंत पानं पार पांढरीफटक पडत, तरी लोउदादा बरणी तोंडाला लावून घटाघटा प्यायचे आणि बाहीने तोंड पुसायचे.

त्यांची बायको मेइश्यान हे बघून डोळे मिटून घ्यायची. "ताई," ती मला म्हणायची, "माझ्या बापाने मला माणसाला दिलं असं वाटलं होतं. रेड्याला दिलंय."

मेइश्यानचं माहेर डोंगरात, लोंगजिंग चहाच्या मळ्यांत. लग्नानंतरही कितीतरी वर्षं ती चहा-खरेदीच्या केंद्रावर चव घ्यायच्या कामाला होती. टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग मांडलेली असे. ती एकेका वाटीतला घोट सुर्रकन ओढायची, तोंडभर फिरवायची, थुंकायची, की पुढची वाटी. सांगायची, हा उताराच्या उन्हाकडचा, ह्याला कढईत जरा जास्त चटका बसला, हा पाऊस पडून गेल्यावर खुडलेला. पण ती म्हणायची, पानाचं नंतर, आधी पाणी. पाणी नासकं असेल तर राजाचा चहाही काढ्यासारखा लागतो.

आमच्या इमारतीत पाणी नळाचं. मेइश्यानने स्वयंपाकघरात एक मातीचा रांजण ठेवला होता. त्यात पाणी भरायची, वर नुसतं पातळ फडकं. दोन रात्री पाणी तसंच ठेवलं की औषधाचा वास उडतो आणि गाळ खाली बसतो. मग वरचं वरचं पाणी अलगद काढून चहाला घ्यायची. एकदा उन्हाळ्यात लोउदादा कामावरून आले, नळाला पाणी नव्हतं, त्यांनी सरळ रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले. मेइश्यानने भांडण केलं नाही. महिनाभर बोललीच नाही. लोउदादा माझ्या दारात येऊन म्हणायचे, "पाणीच होतं ना ते? का अमृत होतं?"

असा त्यांचा संसार. वाईट नव्हता. एक मुलगी झाली, यिंग, ती शिकून दूर उत्तरेला शेनयांगला नोकरीला गेली. नवरा-बायको दोघं एका टेबलावर जेवायची, एक टीव्ही बघायची आणि बेतापुरतं बोलायची. मी रेशमाच्या गिरणीत काम करून निवृत्त झालेली, एकटी बाई. भिंतीपलीकडे कुणी हसतंय की भांडतंय हे मला कळायचं. त्यांच्याकडून बहुतेक वेळ नुसता भांड्यांचा आवाज यायचा.

मग मेइश्यानची किडनी गेली.

आधी पाय सुजले, मग चेहरा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. सुया टोचायला हातावर शीर फुगवून ठेवलेली, तिच्यावर कान ठेवला तर घूं घूं आवाज यायचा. ते सगळं तिने सोसलं. तिला सोसवलं नाही ते एकच. तिचं शरीर पाणी बाहेर टाकेनासं झालं होतं, म्हणून डॉक्टरांनी पिण्यावर बंधन घातलं. सूप नाही, पेज नाही, कलिंगड नाही. गोळ्या गिळायला लागतो तो घोटसुद्धा हिशेबात धरायचा. सगळं वजा करून दिवसाकाठी चहासाठी उरला एक लहान पेला.

"एकच?" तिने विचारलं.

"एकच. आणि फिका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर तिने रांजण उपडा करून ठेवला. लोउदादांना म्हणाली, "म्हाताऱ्या, ऐक. मला जन्मभर हवं तेवढं पाणी मिळत होतं तेव्हा मी नळाचं चालवून घेतलं. आता एकच पेला आहे. त्यात मी ही घाण घालणार नाही. चांगलं पाणी आणणार असशील तर आण, नाहीतर मी चहा सोडते."

लोउदादा दुसऱ्या दिवशी पहाटे उठून हूपाओच्या झऱ्यावर गेले.

तिथली रांग आमच्या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्त मंडळी ढकलगाड्यांवर कॅन रचून उभी असतात, उजाडायच्या आधीपासून. लोउदादांच्या हातात औषधाच्या बाटलीहून जरा मोठी अशी एक बाटली. त्या रांगेत एक जाडा शू म्हणून होता, जुना खाटीक, त्याची जीभ सुरीसारखी चालायची.

"काय हो ड्रायव्हरसाहेब, एवढ्याशा बाटलीसाठी एवढी रांग? चिमणीला पाजायचंय की काय?"

"बायकोला."

"बायको चिमणीएवढी आहे वाटतं!"

"आता झालीय," लोउदादा म्हणाले. मग काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं.

रांग बाजूला सरली. शूने त्यांच्या दंडाला धरून त्यांना धारेपाशी नेलं. त्या दिवसापासून लोउदादांना त्या रांगेत कुणी थांबायला लावलं नाही.

पहिल्या दिवशीचं पाणी चाखून मेइश्यान म्हणाली, "पाणी चांगलंय, बाटली वाईट. प्लास्टिक लागतंय." लोउदादांनी काचेची बाटली आणली. मग ती म्हणाली, "काठोकाठ भरून, खिशात हिंदकळत आणलंस ना? पाणी दमून आलंय." ते हळू चालायला लागले. कधी म्हणायची, "काल डोंगरावर पाऊस झाला असणार, मातकट आहे. पावसानंतर दोन दिवस जाऊच नकोस." आधण कधी उतरवायचं हेही तिने खुर्चीत बसून शिकवलं. तळाशी मासळीच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आले की गॅस बंद. खळखळू दिलंस तर पाणी मेलं. मग जरा थांबायचं, आणि ग्लासाच्या कडेने धार सोडायची, पानांच्या डोक्यावर नाही.

यिंगने फोन करून बाटलीबंद पाण्याची खोकी पाठवते म्हणून सांगितलं. पाठवलीही. मेइश्यानने एक घोट घेतला. "ह्या पाण्याला कुठलंच गाव नाही," म्हणाली. ती खोकी माझ्याकडे आली, मी भात शिजवून संपवली.

लोउदादा मग हूपाओवरच थांबले नाहीत. शू आणि मंडळी त्यांना बारीकसारीक झरे सांगायची. देवळामागचा, बांबूच्या बनातला, पायऱ्यांखालून झिरपणारा. ते एकेका ठिकाणचं पाणी आणायचे आणि मेइश्यान सांगायची, हे जरा लाजरं आहे, मागून गोड लागतं. हे तोंडावर हसतं आणि नंतर काहीच नाही. हे जड, दगडाचं. त्या एका पेल्याला त्यांची दुपार जायची. भिंतीपलीकडून मला बोलणं ऐकू यायचं. एवढ्या वर्षांत एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पण तहान ही तहान असते. ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची. चूळ भरून थुंकायची आणि थुंकलेल्या पाण्याकडे बघत राहायची. नळ सुरू झाला की तिची मान वळायची. लोउदादांनी हे पाहिलं आणि घरात पाणी पिणं बंद केलं. माझ्या दारावर टकटक व्हायची.

"ताई, जरा पेलाभर."

उंबऱ्यातच उभ्याने प्यायचे, पेला परत द्यायचे. दर वेळी माझ्याकडे यायचाही त्यांना संकोच वाटत असावा, कारण येणं कमी कमी होत गेलं. उन्हाळ्यात ते एके दिवशी जिन्यात कंबर धरून खालीच बसले, अंगाला दरदरून घाम. मूतखडा. दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, तुम्ही पाणी पीत नाही का हो? तेव्हा मेइश्यान शेजारीच उभी होती.

घरी आल्यावर ती जी कडाडली, ती अख्ख्या जिन्याने ऐकली.

"माझ्यावर उपकार करतोस? तू वाळून मेलास तर मला पाणी कोण आणणार, शेजारीण?"

"तुला त्रास होतो म्हणून..."

"मला त्रास तू चोरून पितोस ह्याचा होतो! मी काय भिकारीण आहे, माझ्यापासून ताट लपवायला? उद्यापासून माझ्या समोर प्यायचं. आणि घटाघटा नाही. घोट घोट. आणि कसं लागलं ते मला सांगायचं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मग शीक."

तेव्हापासून त्यांचा रिवाज ठरला. लोंगजिंगच्या त्याच पानांवर तीनदा पाणी घालता येतं. पहिला ग्लास चांगला, दुसरा सगळ्यांत भरलेला, तिसरा हलका. पहिला लोउदादांचा, दुसरा मेइश्यानचा, तिसरा पुन्हा लोउदादांचा. ती आपला मध्ये घ्यायची आणि आधीचा-नंतरचा त्यांच्याकडून ऐकायची.

"कसा आहे?"

"चहासारखा."

"गाढवा, नीट सांग."

"गरम."

"म्हाताऱ्या!"

"बरं, बरं... कोवळ्या वालाच्या शेंगा परतल्या की वास येतो, तसं काहीतरी. मग जिभेच्या कडांना जरासं पाणी सुटतं."

"हां," मेइश्यान म्हणायची आणि खुर्चीत मागे टेकायची. "बघ, येतंय."

अशी साडेतीन-चार वर्षं गेली. मी त्यांना दिवस चांगले म्हणेन. आजारपणातले, पण चांगले.

मग एका हिवाळ्यात मेइश्यानने पेला खाली ठेवला. "आज पाणी लोखंडी लागतंय."

लोउदादांनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झऱ्याचं आणलं. तेही लोखंडी. तिसऱ्याचंही. त्यांनी नवी बाटली घेतली, नवी किटली घेतली, पाय दुखत असताना ते कुठल्या कुठल्या टेकाडांवर चढून आले. शू एकदा माझ्याकडे आला होता, म्हणाला, "ताई, जरा सांगा त्यांना. परवा शेवाळावरून घसरले. बाटली वर धरली आणि कोपर फोडून घेतलं." मी सांगितलं. लोउदादा म्हणाले, "झरा सापडेल ना ताई, कुठेतरी असेलच."

डायलिसिसच्या खोलीतल्या नर्सने त्यांना सांगितलं होतं, ह्या आजारात तोंडाची चव जाते, सगळंच धातूसारखं लागतं, पाण्याचा दोष नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मानलं नाही.

शेवटी ते मेइश्यानच्या माहेरी गेले.

हे सोपं नव्हतं. तिथे तिचा थोरला भाऊ शिंगगन राहायचा आणि बहीण-भावात बारा वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या घरामागे खडकातून एक झरा येतो. बापाने त्याच्या तोंडाशी दगडाचं कुंड बांधलेलं. शिंगगनने घरात खानावळ काढली, येणारी-जाणारी शहरी माणसं वाढली, तेव्हा त्याने ते कुंड फोडून सिमेंटची टाकी केली आणि पाइप टाकला. मेइश्यान ते बघून त्याला म्हणाली होती, "बाप मेला तेव्हाही एवढं तुटलं नव्हतं, तेवढं तू आज तोडलंस." तो म्हणाला होता, "तू शहरात बसून चव घे. मला इथे पोट भरायचंय." तिथे ते संपलं.

लोउदादांनी मला पुढचं नंतर सांगितलं. शिंगगन अंगणात कढईत पानं भाजत होता, खुडणी नुकती सुरू झालेली, छिंगमिंगच्या, पितरांच्या सणाला आठवडा असेल. हात न थांबवता त्याने विचारलं, "कशाला आलात?"

"बाटलीभर पाणी पाहिजे."

"टाकीला नळ आहे."

"टाकीचं नको. खडकातलं. तिला नुसतंच लोखंड लागतं सगळं."

शिंगगनचा हात तेव्हा थांबला. "कुणाला? तिला काय झालंय?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. कुणी कळवलं नव्हतं. मेइश्यानने सगळ्यांना बजावून ठेवलेलं. कढईतली पानं जळाली तरी तो तसाच उभा राहिला, असं लोउदादा म्हणाले. मग म्हणाला, "तुम्ही जा. उद्या मी घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. सत्तरी उलटलेला माणूस, बुटांना चिखल, एका हातात मातीचा घट, तोंडाला केळीचं पान बांधलेलं, दुसऱ्या हातात कागदाच्या पुडीत त्या वर्षीचा पहिला चहा. मेइश्यानने मला बोलावून घेतलं होतं. एकटीला भावासमोर बसवेना, असं म्हणाली नाही, पण तसंच होतं.

शिंगगन दारातच उभा. "टाकीच्या वर चढून खडकातून धरलंय," तो म्हणाला. "आत येऊ का?"

"पाणी आणलंयस तर काय दारातून टाकणार आहेस?" मेइश्यान म्हणाली. "बस. जाड झालास."

"तू बारीक झालीस."

एवढंच. बारा वर्षांचं तेवढ्यावर मिटलं.

लोउदादांनी आधण ठेवलं. बुडबुड्यांवर डोळा ठेवून ओणवे झाले होते. पहिला ग्लास त्यांनी स्वतःसाठी भरला नाही, शिंगगनला दिला. दुसरा मेइश्यानपुढे ठेवला. पानं काचेत उभी राहिली होती, एकेक पान टोकावर. तिने वास घेतला. मग तिच्या त्या जुन्या पद्धतीने सुर्रकन घोट ओढला, तोंडभर फिरवला. आम्ही तिघंही तिच्या गळ्याकडे बघत होतो.

तिने गिळलं. पुन्हा एक घोट घेतला. मग ग्लास टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी, अगदी हळू.

"काही नाही," ती म्हणाली. "लोखंड. बाकी काहीच नाही."

"टाकीत पडलं असेल थोडं..." शिंगगन पुटपुटला. "मी पुन्हा..."

"टाकी नाही रे दादा. पाणी चांगलंच असणार. पाणी सगळंच चांगलं होतं." तिने लोउदादांकडे पाहिलं. "जीभ गेलीय माझी. मला कधीचं कळलंय. तू डोंगर चढत होतास, तेवढं चालू दे म्हटलं."

लोउदादांनी फडकं उचललं. गॅसची शेगडी पुसायला लागले. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

"इकडे ये," मेइश्यान म्हणाली. "हा ग्लास तू पी आणि मला सांग. माझ्या घरचं पाणी आहे. नीट सांग."

लोउदादा बसले. एक घोट घेतला, तिच्यासारखा तोंडभर फिरवला. मग बोलायला लागले. सुरुवातीला काहीच येत नाही, म्हणाले, इतकं मऊ आहे की पाणी तोंडात आलंय हे कळत नाही. मग मधूनच थंड झुळूक लागते, ग्लास गरम असून. वालाच्या शेंगा आहेत, पण कच्च्या, नुकत्या मोडलेल्या. आणि गिळल्यावर घशात काहीतरी राहतं... ते थांबले, शोधत राहिले. ऊन पडल्यावर दगड वाळतो ना, त्याचा वास असतो, तसं. आणि मग गोड. उशिरा येतं. आलं की जात नाही.

ज्या माणसाने जन्मभर बरणीतून गरम पाणी ढोसलं, तो हे बोलत होता. मेइश्यान डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिंगगन खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"दगडाचा वास," ती म्हणाली. "हो. असतो तो."

त्यानंतर तिने स्वतः चहा घेतला नाही. तो एक पेला तिने कोमट पाण्याच्या घोटांना देऊन टाकला. पण दुपारी लोउदादांनी करायचा, तिच्यासमोर प्यायचा आणि सांगायचं, हे चालू राहिलं. शिंगगन दर चार-पाच दिवसांनी पाणी घेऊन यायचा.

पुढच्या हिवाळ्यात, चांद्र नव्या वर्षाच्या आधी, डायलिसिस चालू असतानाच तिचं हृदय थांबलं. लोउदादा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावलं तेव्हा ते आधी हातातली टोपी कुठे ठेवावी ते शोधत राहिले, असं नर्स मला म्हणाली. यिंग विमानाने आली. शिंगगनने आपल्या मळ्याच्या वरच्या अंगाला जागा दिली आणि तिची रक्षा तिथे पुरली.

छिंगमिंगला आम्ही सगळे वर गेलो. थडग्यापुढे भात, बांबूचे कोंब, तिला आवडायची ती खारवलेल्या मोहरीच्या पाल्याची भाजी मांडली. लोउदादांनी शिंगगनच्या चुलीवर आधण करून थर्मास भरून आणला होता. लहान पेल्यात चहा ओतला, जमिनीवर सोडला. पुन्हा ओतला, सोडला. रिवाजाने तीनदा सोडायचा असतो. ते थांबले नाहीत. पेला बाजूला ठेवून त्यांनी थर्मासच वाकडा केला.

शिंगगनची बायको म्हणाली, "भाऊजी, पुरे आता. माती घेईना झालीय."

"पिऊ दे," लोउदादा म्हणाले. "पिऊ दे तिला."

थर्मास रिकामा झाला. पाणी उतारावरून चहाच्या झुडपांकडे ओघळत गेलं. मग यिंगने बापाच्या हातातून थर्मास काढून घेतला आणि त्यांना हाताला धरून खाली आणलं.

त्या शरद ऋतूत यिंग त्यांना शेनयांगला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी ते झऱ्यावरच्या मंडळींना भेटून आले. शूने त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं नाही, पाण्याचा एक भरलेला कॅन दिला. रेल्वेत तो नेता येईना म्हणून माझ्या दारात ठेवून गेले. मी अधूनमधून फोन करते. तिकडे थंडी फार आहे, म्हणतात, नातू शाळेत जातो, गुडघे बरे आहेत. चहाचं मी विचारत नाही. एकदा त्यांनीच सांगितलं, आता घेत नाही म्हणून. जमत नाही, म्हणाले. ग्लास समोर आला की कुणीतरी विचारेल असं वाटतं.

त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. दिवसभर कामावर असतात. भिंतीपलीकडून फारसा आवाज येत नाही.